किती रिकाम्या ठेवायच्या

सर्जेकोटच्या जेटीमागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
आमचं घर. माडीवर माझं ऑफिस:
टेबल, इन्व्हर्टर, आणि खिडकीच्या गजाला
जुन्या जाळ्याच्या दोरीनं बांधलेली फायबरची तार.

माझा ताफा मी कधी पाहिला नाही.
मुंबईत, म्हणतात, कुठल्याशा थंडगार खोल्यांत
मशिनी उभ्या असतात, आणि त्यांच्यात
हजार पोरं एकमेकांवर गोळ्या झाडतात.
मी फक्त फाइलमध्ये आकडे लिहिते.
कमीत कमी सहा. जास्तीत जास्त नव्वद.
आणि तिसरा, ज्याच्यावरून सगळी भांडणं:
कुणी यायच्या आधी
किती रिकाम्या ठेवायच्या.

कमी ठेवल्या तर शुक्रवारी रात्री नऊला
पोरं गरगरणाऱ्या चकतीकडे बघत बसतात,
शिव्या देतात, जातात.
जास्त ठेवल्या तर पुण्याहून वाकणकर मॅडम:
"मृदगंधा, रिकाम्या खोल्यांचं भाडं
तुझ्या पगारातून कापू का?"

खाली आई हाच हिशेब मांडते.
डायरीत डिझेल, उचल, बर्फ.
लाँच सुटायच्या आधी बर्फ भरायचा
आणि मासळी तर अजून पाण्यात.
सोमवारी चाळीस लाद्या नेल्या; आल्या दोन टोपल्या पेडवे.
उरलेला बर्फ जेटीवर ओतला, मांजरं चाटत बसली.
मंगळवारी पंधराच. त्या दिवशी बांगडा असा लागला
की अर्धा कुटीच्या भावानं गेला.
आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

स्वस्तातल्या मशिनीही मिळतात, मी तिला सांगितलं,
फक्त मालक मधेच काढून घेतो,
दोन मिनिटं आधी सांगून.
"दोन मिनिटां?" आई म्हणाली,
"आमचे खलाशी तितकी पण देनत नाय."

काल नवा नकाशा उघडला.
नऊ वाजून चार मिनिटांनी आलेख
उभाच राहिला, माडासारखा.
एक मशीन उठायला तीन मिनिटं घेते;
त्या तीन मिनिटांत अकराशे जण दारात.
मी तिसरा आकडा हातानं वाढवला,
पुन्हा वाढवला,
भात ताटात तसाच.
साडेनऊला रांग संपली. कुणी आभार मानले नाहीत;
चाललं की कुणाला दिसत नाही हे काम.

एक वाजता ओहोटी.
जुन्या आवृत्तीच्या मशिनी एकेक करून विझवायच्या.
नियम असा: जिच्यात खेळ चालू आहे
तिला हात लावायचा नाही.
ती ओळ मी कुणाला बदलू देत नाही.

तीन वाजता एकच उरली.
तिच्यात एकच खेळाडू.
लॉगमध्ये दर सेकंदाला त्याचा ठावठिकाणा,
तोच आकडा, तोच आकडा:
नकाशाच्या पश्चिम टोकाला, जिथे आमच्या चित्रकारानं
एक समुद्र काढलाय, पण आत जाता येत नाही.
झोपला असेल, फोन छातीवर ठेवून,
कराडात की सिलिगुडीत, कोण जाणे.
तासाला सोळा रुपये.

चारला आई उठली, चहा घेऊन वर आली.
पडद्यावरचा एक बघून म्हणाली, "ह्यो कोण?"
"माहीत नाही. जात नाहीये."
"मगे ऱ्हवांदे," म्हणाली, आणि माझ्या खुर्चीच्या हातावर बसली.
दोघी बघत बसलो. काही घडत नव्हतं.

चार बावन्नला एकाचं शून्य झालं.
मशीन आपसूक विझली.
खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं,
टेबल थरथरायला लागलं, रोजच्यासारखं.

आईनं डायरी उघडली, पेन्सिल जिभेला लावली.
"तुका कळता ना असला? सांग,
आज किती लाद्यो?"
मी वारा बघितला, वार बघितला,
गेल्या आठवड्याची पानं उलटली.
"तीस," म्हणाले.

तिनं पस्तीस लिहिलं.